यू-१८० पाणबुडी: नेताजींना घेऊन निघालेल्या जर्मन पाणबुडीबद्दल सारखे येणारे प्रश्न

दरवर्षी २३ जानेवारी जवळ आली की नेताजींच्या पाणबुडी प्रवासाचे फोटो आणि फॉरवर्ड फिरायला लागतात, आणि मग प्रश्न येतात. नेताजी उतरले की बहुतेकांसाठी पाणबुडीची गोष्ट संपते, पण ती पुढे सव्वा वर्ष जगली आणि शेवटी ५६ माणसांसकट गेली, त्यामुळे इथे तिची पूर्ण कहाणी यावी असा प्रयत्न आहे. एक गोष्ट दोनदा लिहिलेली नाही, जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. नेताजी नक्की कुठल्या पाणबुडीतून गेले? एक होती की दोन?

दोन. पहिली जर्मन यू-१८०, दुसरी जपानी आय-२९. नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन ९ फेब्रुवारी १९४३ ला जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० मधून निघाले, अटलांटिक उतरून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला आणि एप्रिलच्या शेवटी मादागास्करच्या आग्नेयेला भर समुद्रात आय-२९ वर चढले. आय-२९ ने त्यांना मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबांगला उतरवलं आणि तिथून ते विमानाने टोकियोला गेले. म्हणजे जर्मन पाणबुडीत साधारण अडीच महिने आणि जपानी पाणबुडीत आठवडाभर. बऱ्याच ठिकाणी "तीन महिने जर्मन पाणबुडीत" असं लिहिलेलं असतं, तो दोन्हींचा मिळून हिशोब आहे.

२. विमानाने का नाही गेले? एवढा जिवावरचा प्रवास कशाला?

विमानाचा विचार झाला होता. १९४२ च्या उन्हाळ्यात एक इटालियन विमान युरोपातून जपानला जाऊन परत आलं होतं, त्या मार्गाने जायची नेताजींची इच्छा होती, पण ते जमलं नाही. साध्या मालवाहू जहाजातून जायचं तर वाटेत ब्रिटिश नौदल जहाजं अडवून तपासत होतं आणि नेताजी त्यांच्या हाती लागणं म्हणजे सगळंच संपलं. जमिनीवरून जायचं तर मध्ये रशिया, जो जर्मनीशी लढत होता. राहिली पाणबुडी. तीसुद्धा काही सेफ नव्हती, पण त्यातल्या त्यात बरी. आणि नेताजींना घाई होती. १९४१ च्या एप्रिलमध्ये ते काबूल-मॉस्कोमार्गे बर्लिनला पोचले होते, तिथे आझाद हिंद रेडिओ सुरू केला, युद्धकैद्यांमधून फौज उभी केली, पण जर्मनीत बसून भारताच्या सरहद्दीपर्यंत पोचता येणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. जपान बर्मापर्यंत आला होता, त्यामुळे जे व्हायचं ते पूर्वेकडूनच होणार होतं.

३. यू-१८० कधी, कुठे बांधली? वेगळी होती का?

ब्रेमेनच्या एजी वेसर या गोदीत. डिसेंबर १९४१ मध्ये पाण्यात उतरली, १६ मे १९४२ ला नौदलात दाखल झाली. पहिले कप्तान वेर्नर मुझेनबर्ग.

आणि हो, खूपच वेगळी होती. टाइप नऊ-डी-वन या नमुन्याच्या फक्त दोनच पाणबुड्या बांधल्या गेल्या, यू-१८० आणि यू-१९५. लांबी साधारण ८७.५ मीटर. नेहमीच्या पाणबुडीत दोन डिझेल इंजिनं असायची, हिच्यात सहा. तीही मर्सिडीज-बेंझची २० सिलिंडरवाली, मुळात टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाज फोडणारं अस्त्र) मारणाऱ्या छोट्या वेगवान बोटींसाठी बनवलेली. सहा मिळून ९००० अश्वशक्ती, त्यामुळे पाण्यावर ही जवळपास २१ नॉट वेगाने पळायची जेव्हा बाकीच्या लांब पल्ल्याच्या पाणबुड्या १८-१९ वर थांबायच्या. कागदावर झकास, पण बोटीत थोडा वेळ सुसाट पळायला बनवलेलं इंजिन महिनोन् महिने चालवायचं म्हटल्यावर जे होणार तेच झालं, इंजिनं तापायची, बिघडायची, आणि सगळ्यात वाईट म्हणजे धूर सोडायची. पाणबुडीचा सगळा जीव लपून राहण्यात असतो, तिच्या मागे धुराचे लोट दिसणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. पुढे काय केलं ते प्रश्न १२ मध्ये.

४. पाणबुडीतल्या लोकांना माहीत होतं का हे नेताजी आहेत?

सुरुवातीला कप्तान सोडला तर जवळजवळ कोणाला नाही. नेताजी निघाल्याचं बर्लिनमध्येही अगदी मोजक्या लोकांना माहीत होतं, आणि ते अजून जर्मनीतच आहेत असं ब्रिटिशांना वाटत राहावं म्हणून त्यांची रेकॉर्ड करून ठेवलेली भाषणं नंतर रेडिओवरून लावली गेली. मागे आझाद हिंद केंद्राचं, म्हणजे नेताजींच्या बर्लिनमधल्या कचेरीचं काम त्यांचे सहकारी ए. सी. एन. नंबियार यांच्याकडे सोपवलं होतं. एवढी गुप्तता उगाच नव्हती, नेताजी कलकत्त्याच्या घरातून निसटले तेव्हा १९४१ मध्येच ब्रिटिशांनी त्यांना वाटेत ठार मारण्याचा हुकूम आपल्या हेरखात्याला दिला होता, हे आता कागदपत्रांवरून उघड झालंय.

निघायच्या आदल्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, त्यांनी थोरले भाऊ शरदचंद्र बोस यांच्यासाठी बंगालीत एक पत्र लिहून ठेवलं. मी लग्न केलंय, मला मुलगी आहे, मला काही झालं तर त्यांना सांभाळा, असा मजकूर. मुलगी अनिता तेव्हा जेमतेम सव्वादोन महिन्यांची होती. मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात जड कागद हाच वाटतो, कारण त्यावरून कळतं की आपण परत येऊ याची खात्री त्यांनाही नव्हती.

५. आत राहणं कसं होतं? खायला काय मिळायचं?

आतली मुख्य नळी म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा जरा रुंद एवढीच, आणि त्यात इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो, महिन्यांचं धान्य आणि साठेक माणसं. एक माणूस ड्युटीवर गेला की त्याच बंकवर दुसरा झोपणार. आंघोळ जवळजवळ नाहीच, गोड पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. ताजी भाजी, पाव पहिल्या काही आठवड्यांत संपायचा किंवा बुरसायचा, मग डबाबंद. आणि सगळ्याला डिझेलचा वास, कपड्यांना, पांघरुणाला, पावाला. दिवसा बहुतेक वेळ पाण्याखाली, रात्री वर येऊन इंजिनं चालवायची, बॅटरी चार्ज करायची, हवा आत घ्यायची, तेव्हा वर जाऊन दोन श्वास मोकळे घ्यायला मिळाले तर नशीब.

आबिद हसननी नंतर या प्रवासाच्या आठवणी सांगितल्यात. त्यांची चिंता अशी की नेताजींना हे जर्मन डबाबंद जेवण झेपेना, म्हणून त्यांनी कोठार धुंडाळलं तर तांदूळ आणि डाळ सापडली, मग काय, खिचडी. पण नेताजी पडले अगत्यशील, ते जर्मन अधिकाऱ्यांनाही बोलावून वाढायला लागले आणि हसन बिचारे हिशोब करत बसले की अशाने डाळ किती दिवस पुरणार. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण हसननी तो सांगितला नसता तर त्या पोलादी नळीत त्या दोन माणसांचे दिवस कसे जात होते ते आपल्याला कधीच दिसलं नसतं.

६. एवढे दिवस नेताजी तिथे करत काय होते?

काम. आपल्या आधीच्या इंग्रजी पुस्तकाची सुधारित आवृत्ती त्यांनी हातात घेतली होती, ते सांगायचे आणि हसन लिहून घ्यायचे. पुढे पूर्वेला गेल्यावर कोणापुढे काय बोलायचं, जपानी पंतप्रधानांशी कसं बोलायचं, याची तयारी. हसन म्हणतात त्याप्रमाणे बायकांची वेगळी पलटण उभारायचा विचारही या प्रवासात झाला, आणि पुढे जुलै १९४३ मध्ये सिंगापूरला ती खरंच जाहीर झाली, झाशीच्या राणीच्या नावाने, कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली. तांब्यांच्या घरातल्या मनकर्णिकेचं नाव आग्नेय आशियातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ घरांतल्या मुलींनी खांद्यावर घेतलं, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा.

हसननी आणखी एक सांगितलंय. एकदा हल्ल्याच्या गडबडीत पाणबुडी चुकून नको त्या वेळी पाण्यावर आली, समोरचं जहाज अंगावर येत होतं, सगळ्यांचे प्राण कंठाशी, आणि हसनचा हात थांबला. नेताजी मात्र मजकूर सांगतच होते, आणि त्यांनी हसनला टोकलं की मी हे दोनदा बोललो आणि तू उतरवून घेतलं नाहीस.

७. नेताजी आत असताना पाणबुडीने जहाज बुडवलं म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे. १८ एप्रिल १९४३, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून बरंच दूर, ब्रिटिश तेलवाहू जहाज कॉर्बिस, ८१३२ टनांचं. जहाजावर ६० माणसं होती, त्यातली ५० मेली. जे दहा वाचले ते बरेच दिवस उघड्या बोटीत तरंगत होते. तेलाचं जहाज असल्यामुळे आग लागली की समुद्रच पेटतो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांत दोन गट असतात, एकाला हे खोटं ठरवायचं असतं आणि दुसऱ्याला यावरून नेताजींवर ठपका ठेवायचा असतो. मी दोघांनाही तेच सांगतो. हल्ला करायचा की नाही हे कप्तान ठरवतो, प्रवाशाला कोणी विचारत नाही, आणि लढाईवर निघालेल्या पाणबुडीने शत्रूचं जहाज बुडवणं हे तिचं कामच होतं. पण म्हणून त्या ५० जणांना गोष्टीतून पुसून टाकायचं कारण नाही. ते व्यापारी जहाजावरचे खलाशी होते, पगारावर काम करणारे.

८. दोन पाणबुड्यांची भेट कधी झाली, २६, २७ की २८ एप्रिल? सगळीकडे वेगळी तारीख दिसते.

कारण हे एका दिवसात झालंच नाही. २६ एप्रिलच्या सुमाराला दोघींनी एकमेकींना गाठलं, पण समुद्र एवढा खवळलेला की पाणबुड्या जवळ आणणं म्हणजे दोन्ही फोडून घेणं. मग थांबले, बरोबरीने चालत राहिले, समुद्र जरा शांत व्हायची वाट बघितली आणि माणसांची अदलाबदल २८ ला केली. नुसती "भेट" लिहिणारा २६ लिहितो, "बदली" लिहिणारा २८. दोन्ही आपापल्या जागी ठीक.

बदली झाली ती रबरी तराफ्यावरून. दोर बांधलेला, लाटा वर, नेताजी आणि हसन पार भिजून आय-२९ वर पोचले. दुसऱ्या महायुद्धात दोन देशांच्या पाणबुड्यांमध्ये भर समुद्रात सामान्य नागरिकांची बदली झाल्याचा हा एकमेव प्रसंग असं मानलं जातं. २९ एप्रिल म्हणजे जपानच्या सम्राटाचा वाढदिवस, त्या दिवशी जपान्यांनी मलायातल्या पेनांग बंदरातून आणलेले भारतीय मसाले घालून पाहुण्यांना जेवण केलं.

९. नेताजींच्या बदल्यात जर्मनांना काय मिळालं?

"बदल्यात" हा शब्द तितकासा बरोबर नाही, ही भेट मुळात दोन मित्रदेशांमधली मालाची आणि माणसांची देवाणघेवाण होती, नेताजी त्यातला सगळ्यात मोठा भाग. जर्मनांकडून जपानला यंत्रांचे आराखडे, टोकियोतल्या जर्मन वकिलातीची टपालं आणि पाणबुडीचा माग चुकवायला पाण्यात सोडतात ती फसवी साधनं गेली. जपान्यांकडून दोन टन सोनं, जपानी टॉर्पेडो, आणि दोन नौदल अधिकारी, एमी आणि तोमोनागा. सोनं बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी होतं.

तोमोनागा हिदेओ हे पाणबुडीचे इंजिनिअर, त्यांची पुढची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दोन वर्षं युरोपात काढून ते १९४५ मध्ये यू-२३४ मधून जपानला परत निघाले, त्याच पाणबुडीत युरेनियम ऑक्साइडचा साठा होता. वाटेत जर्मनी शरण गेली, कप्तानाने अमेरिकनांपुढे शरण जायचं ठरवलं, आणि तोमोनागा आणि त्यांच्या सोबतच्या दुसऱ्या जपानी अधिकाऱ्याने झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. नेताजी ज्या दिवशी तराफ्याने गेले त्याच दिवशी उलट्या दिशेने आलेला हा माणूस.

१०. आय-२९ बद्दल सांगा. तिनेच मुंबईहून निघालेलं जहाज बुडवलं होतं का?

हो, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. एस. एस. टिलावा हे ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं प्रवासी जहाज २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालं. प्रवासी आणि खलाशी मिळून साडेनऊशेच्या वर माणसं, बहुतेक प्रवासी भारतीय, आफ्रिकेत दुकान-नोकरी असलेले, बायकामुलांसकट. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानी टॉर्पेडो लागला. बोटी खाली सोडल्या, मग जहाज तरंगतंय असं बघून काही लोक परत वर चढायला लागले आणि तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो. २८० माणसं गेली, ६७८ वाचली, त्यातल्या बहुतेकांना एच. एम. एस. बर्मिंगहॅम या युद्धनौकेने उचललं.

टॉर्पेडो मारणारी पाणबुडी आय-२९. पाच महिन्यांनी नेताजींना घेणारीही तीच. नेताजींना याची कल्पना असण्याचं काहीच कारण नाही, युद्धात असल्या बातम्या कोणी पाहुण्याला सांगत नाही. पण आपण आज दोन्ही गोष्टी माहीत करून घ्यायला हव्यात. टिलावाच्या बळींची पहिली मोठी स्मृतिसभा मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये २०२२ साली झाली, म्हणजे ८० वर्षांनी. इतकी वर्षं हे आपल्या शहराला आठवलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आय-२९ चा शेवट: पुढे ती स्वतः फ्रान्सपर्यंत जाऊन आली आणि परतीच्या वाटेवर २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकन पाणबुडी सॉफिशने तिला बुडवलं. एकच माणूस वाचला.

११. नेताजी उतरल्यावर यू-१८० कुठे गेली?

परत फिरली. वाटेत ३ जूनला दक्षिण अटलांटिकमध्ये असेन्शन बेटाच्या बाजूला बोरिस हे ग्रीक जहाज बुडवलं, ५१६६ टनांचं, आणि जुलैच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फ्रान्सच्या बोर्दोला पोचली. त्याच आठवड्यात नेताजी सिंगापूरला पोचले आणि ४ जुलैला रासबिहारी बोस यांनी त्यांच्या हाती इंडियन इंडिपेंडन्स लीग या पूर्वेतल्या भारतीयांच्या संघटनेची सूत्रं दिली.

हे पोचणं सोपं नव्हतं. मे १९४३ हा जर्मन पाणबुड्यांसाठी काळा महिना, ४० पेक्षा जास्त पाणबुड्या त्या एका महिन्यात गेल्या. फ्रान्सच्या पश्चिमेच्या बिस्केच्या उपसागरात ब्रिटिश विमानं रडार लावून रात्रंदिवस घिरट्या घालत होती आणि यू-१८० ला नेमकं तिथूनच आत यायचं होतं, धूर सोडणाऱ्या इंजिनांसकट.

लढाऊ पाणबुडी म्हणून बघाल तर पाच महिन्यांत दोन जहाजं, एकूण १३२९८ टन, म्हणजे कामगिरी अगदी साधारण. तुलनेला यू-१८१ घ्या, तिने आदल्या वर्षी पहिल्याच फेरीत १२ जहाजं बुडवली होती. नेताजी आत नसते तर यू-१८० चं नाव पाणबुड्यांच्या अभ्यासकांपलीकडे कोणालाही माहीत नसतं.

१२. मग ती परत लढायला का गेली नाही?

इंजिनांमुळे (प्रश्न ३). ३० सप्टेंबर १९४३ ला तिला नौदलाच्या सेवेतून तात्पुरतं काढलं आणि बोर्दोत मोठं काम हाती घेतलं. सहाही मर्सिडीज इंजिनं उपटून १४०० अश्वशक्तीची दोन नेहमीची डिझेल इंजिनं बसवली, म्हणजे ताकद ९००० वरून थेट २८००. टॉर्पेडो नळ्याही काढल्या आणि त्या जागेत माल भरायची सोय केली, साधारण २५० टन. थोडक्यात, शिकारी पाणबुडीची मालवाहू पाणबुडी झाली. यू-१९५ चंही अगदी हेच केलं. पूर्वेहून रबर, टिन, क्विनाइन आणायचं आणि इकडून यंत्रं-आराखडे न्यायचे, कारण जर्मनीची साधी मालवाहू जहाजं आता अटलांटिक ओलांडूच शकत नव्हती. २ एप्रिल १९४४ ला ती परत सेवेत आली, नवे कप्तान रोल्फ रीझन.

१३. यू-१८० चा शेवट कसा झाला? कोणी बुडवलं?

ऑगस्ट १९४४. मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरून अडीच महिने झाले होते, फ्रान्सचे पाणबुडी तळ एकेक करून जर्मनांच्या हातून चालले होते आणि बोर्दोतून जे निघू शकेल त्याला बाहेर काढायची धावपळ चालू होती. यू-१८० तिथून २० ऑगस्टला निघाली, जपानच्या दिशेने. त्यानंतर ती कुठे पोचलीच नाही. ५६ माणसं होती, एकही वाचला नाही. आठवड्याभरात बोर्दो जर्मनांच्या ताब्यातून मोकळं झालं.

जुन्या यादीत सरळ लिहिलेलं असायचं: २२ ऑगस्ट, बोर्दोच्या पश्चिमेला सुरुंगावर आपटून बुडाली. हे पटण्यासारखंही आहे, कारण ब्रिटिश विमानं युद्धभर बोर्दोच्या नदीच्या मुखाशी सुरुंग पेरत होती. पण नंतर अभ्यासकांनी नोंदी परत तपासल्या तेव्हा याला ठोस पुरावा नाही असं दिसलं, म्हणून आता तिची नोंद २३ ऑगस्टच्या सुमारापासून बेपत्ता अशी करतात. दुसरी शक्यता श्नॉर्केलची. श्नॉर्केल म्हणजे पाणबुडी पाण्याखाली असतानाच डिझेल इंजिनासाठी हवा ओढणारी नळी. लाट आली की नळीचं तोंड झडपेने बंद होतं, मग इंजिन आतलीच हवा खेचतं, माणसांचे कान फुटायची वेळ येते, आणि धूर उलटा आत शिरला तर विषारी वायूने सगळे बेशुद्ध. त्या काळात हे यंत्र नवीन होतं, सवय नव्हती, त्यामुळे असा अपघात अशक्य अजिबात नाही.

कोणत्याही जहाजाने किंवा विमानाने तिला बुडवल्याचा दावा टिकलेला नाही. "ब्रिटिशांनी नेताजींचा सूड म्हणून बुडवली" हे फॉरवर्डमध्ये येतं, त्याला काडीचा आधार नाही.

१४. नेताजींबरोबरचे तेच खलाशी मेले का?

सगळे नाही. कप्तान मुझेनबर्ग जानेवारी १९४४ मध्येच तिच्यावरून गेले होते, शेवटच्या फेरीत रीझन कप्तान होते (प्रश्न १२). मधल्या काळात पाणबुडी महिनोन् महिने गोदीत होती आणि अशा वेळी खलाशांच्या बदल्या होतातच. त्यामुळे "नेताजींना सोडणारा एकही जर्मन वाचला नाही" हे वाक्य चुकीचं आहे. पण जर्मन पाणबुड्यांवर जायचं म्हणजे परत यायची आशा कमीच, एकूण साधारण ४० हजार माणसांपैकी ३० हजारांच्या आसपास गेली.

१५. तळाशी दोन टन सोनं पडलंय म्हणे?

नाही. सोनं जुलै १९४३ मध्ये पाणबुडीबरोबर बोर्दोला पोचलं, पाणबुडी बुडाली ती ऑगस्ट १९४४ मध्ये, मधे तिची इंजिनं आणि टॉर्पेडो नळ्यासुद्धा काढून बदलल्या. तेरा महिने सोनं आत ठेवून कोण गोदीतलं काम करेल? शेवटच्या फेरीत ती युरोपातून पूर्वेकडे चालली होती, सोनं आलं होतं ते उलट दिशेने. आणि जे काही बिस्केच्या तळाशी असेल ते ५६ माणसांचं थडगं आहे, खजिना म्हणून त्याच्याकडे बघू नये असं मला मनापासून वाटतं.

१६. गोव्यात बुडालेल्या एरेनफेल्स जहाजाशी यू-१८० चा काही संबंध होता का?

थेट संबंध काही नाही. एरेनफेल्स आणि इतर जर्मन, इटालियन जहाजं युद्ध सुरू झाल्यावर मुरगाव बंदरात आसऱ्याला थांबली होती, गोवा पोर्तुगालचा आणि पोर्तुगाल तटस्थ. एरेनफेल्सवरच्या छुप्या रेडिओवरून हिंदी महासागरातल्या जर्मन पाणबुड्यांना खबर जाते असा ब्रिटिशांना संशय होता, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्सच्या मध्यमवयीन हौशी सैनिकांनी ९ मार्च १९४३ च्या रात्री एका जुन्या बार्जमधून येऊन हल्ला केला आणि जर्मन खलाशांनी जहाजं स्वतःच पेटवून बुडवली. यू-१८० त्या वेळी अटलांटिकमध्ये होती, हिंदी महासागरात शिरलीही नव्हती. तारखा जवळजवळ आहेत म्हणून लोक दोन्ही गोष्टी एकत्र शिवतात.

१७. जर्मन पाणबुड्या मुंबईजवळ कधी आल्या होत्या का?

आल्या होत्या, पण यू-१८० नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने "मोन्सून" नावाचा पाणबुड्यांचा गट हिंदी महासागरात पाठवला, पावसाळा संपता संपता हल्ला करायचा असा बेत. त्यातल्या यू-१६८ ने २ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईच्या पश्चिमेला हायचिंग हे ब्रिटिश जहाज बुडवलं. या पाणबुड्यांचा तळ होता पेनांग, जपान्यांच्या ताब्यातला.

१८. तो प्रसिद्ध फोटो कुठल्या पाणबुडीवरचा?

ज्यात नेताजी जपानी खलाशी-अधिकाऱ्यांच्या घोळक्यात आहेत तो आय-२९ वरचा, बदली झाल्यानंतरचा. रबरी तराफ्याचा फोटो बदली चालू असतानाचा. "नेताजी जर्मन पाणबुडीत" अशी कॅप्शन बहुतेक वेळा जपानी फोटोवरच चिकटवलेली असते, आजूबाजूचे चेहरे बघितले तरी कळतं.

१९. जुळी बहीण यू-१९५ चं काय झालं?

तीही त्याच दिवसांत बोर्दोतून निघाली आणि ती मात्र पोचली. डिसेंबर १९४४ च्या शेवटी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेल्यावर जपानने तिला ताब्यात घेऊन आय-५०६ नंबर दिला. एकच नमुना, एकच काम, एकच बंदर, निघण्याचे दिवस जवळजवळ तेच, एक पोचली आणि एक नाही. म्हणूनच यू-१८० ला नेमकं काय झालं हा प्रश्न अभ्यासकांना अजून सोडत नाही.

२०. आबिद हसन पुढे काय झाले?

हैदराबादचे, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले, शिक्षण सोडून नेताजींबरोबर निघालेले. "जय हिंद" या अभिवादनाचं श्रेय बहुतेक जण त्यांना देतात. पूर्वेला गेल्यावर आझाद हिंद सेनेत इम्फाळच्या आघाडीवर लढले, कैद झाली, स्वातंत्र्यानंतर परराष्ट्र सेवेत गेले आणि डेन्मार्कमध्ये भारताचे राजदूत होते. १९८४ मध्ये गेले. पाणबुडीच्या आतलं आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं त्यांच्यामुळे.

२१. मी जर्मनीत असतो, या पाणबुडीशी संबंधित काही बघता येईल का?

यू-१८० चा स्वतःचा अवशेष कुठेच नाही, पण कीलला जा. तिथून जवळच लाबो गावात समुद्रकिनाऱ्यावर यू-९९५ ठेवलेली आहे, आत शिरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं. नमुना वेगळा, यू-१८० पेक्षा बरीच लहान, पण बंक, इंजिनं, गोल दारं बघून प्रश्न ५ मधलं सगळं अंगावर येतं. त्याच किनाऱ्यावर म्योल्टेनॉर्टला पाणबुडी खलाशांचं स्मारक आहे, भिंतीवर धातूच्या पाट्या, प्रत्येक पाणबुडीच्या नंबराखाली तिच्या माणसांची नावं. फ्रान्समध्ये असाल तर बोर्दोचा पाणबुडी तळ अजून जसाच्या तसा उभा आहे, एवढं काँक्रीट की पाडणंही परवडलं नाही. २०२० पासून तिथे भिंतींवर आणि पाण्यावर चित्रांचे मोठे प्रकाशखेळ दाखवतात, तिकीट काढून जाता येतं. कोलकात्यात एल्गिन रोडवर नेताजी भवन आहे, १९४१ मध्ये ज्या मोटारीतून ते निसटले ती मोटार तिथे ठेवलेली आहे, सोमवारी बंद असतं म्हणून आधी बघून जा.